हलता झेंडा

कॅप्टन मोघे गेले आणि त्या आठवड्यातच इथल्या महाराष्ट्र मंडळाचे सेक्रेटरी माझ्याकडं हावड्याला आले. माझ्याकडं कोणी येत नाही, त्यामुळं काम असणार हे कळलंच. म्हणाले, "दत्तारामकाका, साहेबांना तुमच्याइतकं कोणी ओळखत नव्हतं. अंकासाठी दोन शब्द लिहा. चांगलं काहीतरी."

मी म्हटलं, "लिहितो. पण चांगलंच लिहीन असं नाही."

ते हसले. म्हातारा चेष्टा करतोय असं वाटलं असणार. मी चेष्टा करत नव्हतो. माझी शाळा चौथीपर्यंत, तीही कऱ्हाडकडच्या गावात, निम्मी मास्तरांच्या म्हशी वळण्यात गेलेली. तेव्हा शुद्धलेखन खुशाल सुधारा. वाक्य बदललंत तर मात्र गाठ माझ्याशी आहे.

मोघे साहेब अंगानं किरकोळ. लहान चणीचे, मान बारीक, डोळे सतत बारीक केलेले, घरातसुद्धा. आपल्या वजनाबद्दल ते म्हणायचे, "माझं वजन कमी म्हणून कंपनीनं मला घेतलं. जाडा माणूस बसवला तर टाकीत दोन बादल्या औषध कमी बसतं." मंडळात गणपतीला भेटणाऱ्यांना वाटायचं की साहेब मोठ्या विमानांवर होते, परदेशी जायचे. कोणी तसं विचारलं की साहेब चिडायचे. "मी उडता गडी होतो हो. विमान कसलं, पंख लावलेली झारी. पिकावर पाणी शिंपडतात तसं विष शिंपडायचो."

विष हा शब्द फक्त ते वापरायचे. आम्ही सगळे औषध म्हणायचो. कंपनी औषध म्हणायची, शेतकरी औषध म्हणायचे, डब्यावर कवटी काढलेली असायची तरी औषधच.

आमची कंपनी तागाच्या आणि भाताच्या शेतांवर विमानानं फवारणी करायची. कीड पडली की बोलावणं यायचं. मी कलकत्त्याला आलो तो मेव्हण्याच्या पाठोपाठ. तो फोर्ट विल्यममध्ये हवालदार. त्यानं कोणाला तरी सांगून मला कंपनीत चिकटवलं, झेंडेवाला म्हणून. आजच्या पोरांना हे काम सांगावं लागतं. विमान शेतावरून ताडाच्याही खालून जातं. एक पट्टा फवारून वळतं, शेजारचा पट्टा फवारायला येतं. पण वरून सगळं हिरवंच. मागचा पट्टा कुठं संपला ते वैमानिकाला कसं कळणार? म्हणून शेताच्या दोन्ही टोकांना एकेक माणूस, हातात लांब बांबू, बांबूला पांढरं कापड. वैमानिक एका झेंड्यावरून दुसऱ्या झेंड्याकडं सरळ रेघ ओढतो. विमान डोक्यावरून गेलं की झेंडेवाला ठरलेली पावलं बाजूला सरकतो आणि पुन्हा उभा राहतो. दिवसभर हेच. विमान सरळ जायला खाली माणूस लागतो, एवढंच लक्षात ठेवा.

या कामात साहेबांचे तीन नियम होते. ते कंपनीचे नव्हते, साहेबांचे होते.

पहिला, वारा ज्या टोकाकडं जातो तिथून सुरुवात करायची आणि वारा जिकडून येतो तिकडं सरकत जायचं. म्हणजे उडालेलं विष मागं जातं आणि झेंडेवाला स्वच्छ हवेत पुढं सरकतो. वारा फिरला तर काम बंद.

दुसरा, झेंडा सतत हलता पाहिजे, डावीकडं उजवीकडं, डावीकडं उजवीकडं. ताग माणसापेक्षा उंच वाढतो, त्यात उभा माणूस वरून दिसतच नाही. दिसतं फक्त कापड. "झेंडा हलतोय तोवर खाली माणूस आहे. झेंडा थांबला की मी नाक वर करणार, घिरट्या घालणार, आणि तुम्ही सगळ्यांनी तिकडं पळत सुटायचं."

तिसरा नियम सुट्टीचा. शेवटचा पट्टा झाला की साहेब विमानाचे पंख एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकवायचे. ती आमची सुट्टी. ती मिळाल्याशिवाय जागा सोडायची नाही, ऊन असो की साप असो.

सुरुवातीला आमच्याकडं टायगर मॉथ होतं, लाकडाचं आणि कापडाचं. साहेब विमानांच्या गोष्टी सोयरिकीला आलेल्या मुलीबद्दल सांगावं तशा सांगायचे. "ही मूळची मास्तरीण. लढाईच्या काळात पोरांना उडायला शिकवायची. पुढच्या सीटवर मास्तर, मागं शिकाऊ पोरगा. लढाई संपली, हजारो मास्तरणी रिकाम्या. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं, पुढच्या मास्तरला काढा आणि तिथं टाकी बसवा. म्हातारपणी बिचारी शेतावर मजुरीला आली." सगळ्या जगात असंच झालं म्हणायचे. कुठं बटाट्यावर, कुठं मेंढरांच्या कुरणात खत टाकायला, जिथं बघावं तिथं लढाईतून उरलेली विमानं शेतात राबत होती. तिच्या पंखाला हात लावला की ढोलासारखा आवाज यायचा आणि कापडाला लावलेल्या रोगणाचा वास दिवसभर बोटांना राहायचा. विषानं कापड कुजायचं. मग मी सुई घेऊन बसायचो. माझ्या टाक्यांवर साहेब उडाले आहेत, हे मी कोणालाही सांगतो.

नंतर अमेरिकेतून लांब नाकाचं आलं. ते मात्र शेतीसाठीच बनवलेलं. टाकी पुढं, वैमानिक मागं आणि उंचावर, घोड्यावर बसल्यासारखा. साहेबांनी त्याच्याभोवती एक फेरी मारली आणि मला म्हणाले, "दत्तू, हे बनवणारा शहाणा आहे. हे पडलं तर आधी नाक मोडणार, मग टाकी फुटणार, मी शेवटी. वैमानिक वाचावा म्हणून सगळा विचार केलाय." मग टाकीवर हात ठेवून म्हणाले, "खालच्याचा विचार याच्या नकाशात नाही. तो आपण करायचा."

असा माणूस. म्हणून तर राग येतो. मुळात हलकट असता तर मी त्याच्यावर शाई खर्च केली नसती.

कंपनीचे मॅनेजर सान्यालबाबू होते. ते एकदा तागाच्या शेतावर आले, पायात पॉलिश केलेले बूट. त्यांना दिसलं की साहेब रोज लांबच्या टोकाला जाऊन सुरुवात करतात. म्हणाले, "मिस्टर मोघे, रस्त्याच्या बाजूनं सुरू करा. पेट्रोल वाचेल." वारा रस्त्याकडून शेतात वाहत होता. म्हणजे झेंडेवाल्याला प्रत्येक पट्ट्यानंतर विषाच्या धुक्यात चालत जावं लागलं असतं.

साहेबांनी बोट ओलं करून वर धरलं. ही त्यांची सवय. म्हणाले, "जरूर. फक्त आज झेंडा तुम्ही धरा. माझा माणूस जरा आजारी आहे."

मी ठणठणीत होतो. सान्यालबाबूंना नाही म्हणता येईना, गावकरी बघत होते. त्यांनी बांबू धरला. साहेबांनी एक पट्टा मारला, दुसरा मारला. टाकीत साहेबांनी गुपचूप पाणीच भरून घेतलं होतं, ते मला माहीत होतं, बाबूंना नव्हतं. बाबू परत आले तेव्हा चष्म्यावरून थेंब ओघळत होते आणि थुंकून थुंकून तोंड कोरडं झालं होतं. पुन्हा कधी रस्त्याच्या बाजूचं नाव काढलं नाही. त्या दिवशी निताई इतका हसला की बांधावर बसून पोट धरलं.

निताई हा दुसऱ्या टोकाचा झेंडेवाला. राहायला बजबजला. आधी तिथल्या तागाच्या गिरणीत बदली कामगार होता, म्हणायचा, "दत्तूदा, मेलेला ताग पुष्कळ उचलला, आता जिवंत ताग बघतोय." काळा, उंच, पुढचा एक दात तुटलेला. विमान डोक्यावरून गेलं की तो जोरात ओरडायचा, "आछि!" आछि म्हणजे आहे, मी आहे. इंजिनाच्या आवाजात कोणाला ऐकू जाणार? पण प्रत्येक वेळी ओरडायचा. मी विचारलं, "कोणाला सांगतोस रे?" म्हणाला, "स्वतःलाच सांगतो, दादा. विमान गेल्यावर एकदा खात्री करून घ्यावी लागते."

आता तो दिवस. मी लांबण लावत नाही.

हुगलीकडचं तागाचं मोठं शेत होतं. मी अलीकडच्या टोकाला, निताई पलीकडच्या. सकाळ चांगली गेली. ऊन चढलं तसा वारा सुटला आणि सुटला तो फिरून. सकाळी तोंडावर येणारा वारा पाठीवर येऊ लागला. म्हणजे उडालेलं सगळं आता आमच्या मागोमाग येत होतं. मी नाकाला फडकं घट्ट बांधलं आणि वाट बघितली की साहेब आता काम थांबवतील. नियम त्यांचाच. विमान वळलं आणि पुन्हा खाली आलं. एक पट्टा, अजून एक. मग शेवटचा. माझ्या डोक्यावरून गेले, पलीकडं निताईच्या झेंड्यावरून गेले, वर चढले, पंख डावीकडं झुकवले, उजवीकडं झुकवले आणि विमान धावपट्टीकडं निघून गेलं. सुट्टी झाली.

मी बांबू खांद्यावर टाकला आणि बांधावर येऊन निताईची वाट बघत बसलो. तो येईना. वाटलं, पलीकडच्या टपरीवर चहा पीत बसला असेल. शेवटी हाका मारत गेलो. झेंडा उभा होता. कापड फडफडत होतं. बांबू तागाच्या जुडीला बांधलेला, निताईच्या गमछानं. तोंडाला बांधलेला गमछा त्यानं सोडला होता आणि त्यानं बांबू बांधला होता, रेघ चुकू नये म्हणून. तो खाली पडला होता. तोंडाला फेस, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. इस्पितळ लांब होतं. तिथं पोचेपर्यंत संपला.

कंपनीनं सांगितलं, ऊन लागलं.

संध्याकाळी धावपट्टीवर साहेब पत्र्याच्या खुर्चीत बसले होते. सगळे पांगल्यावर मी समोर जाऊन उभा राहिलो. मला एकच विचारायचं होतं. वाऱ्यानं कापड एकाच बाजूला ताणून फडफडतं. हातानं हलवलं तर बांबूसकट दोन्ही बाजूंना जातं. साहेब ताडाच्याही खालच्या उंचीवरून रोज ते बघत होते, त्यांना फरक कळत नव्हता असं कोणी म्हणू नये. मी विचारलं, "साहेब, कापड हलत होतं की हात?"

साहेबांनी खिशातून सिगारेट काढली. बोट ओलं करून वर धरलं, वारा बघितला, पाठ वळवून काडी ओढली.

दुसऱ्या दिवशी मी नोकरी सोडली. हावड्याच्या एका कारखान्यात लेथवर लागलो आणि तिथंच म्हातारा झालो. साहेबांनी त्या हंगामानंतर विमान सोडलं. पुण्याला परत गेले नाहीत. भवानीपूरला दोन खोल्यांत राहिले, एका कॉलेजात पोरांना इंजिनं शिकवली. लग्न केलं नाही. मंडळातले म्हणायचे, विमानाशी लग्न झालं होतं. लोकांना असलं काहीतरी म्हणायला आवडतं.

कोणी विचारेल, मग तुमचं येणंजाणं कसं राहिलं? बजबजमुळं. निताईची बायको मालती तिथं राहायची. साहेबांना दर वर्षी दुर्गापूजेच्या आधी तिच्याकडं जायचं असायचं आणि एकट्यानं जायची छाती नव्हती. मी सियालदाला भेटायचो, दोघं बजबज लोकल धरायचो. गाडीत बोलणं नाही. ते मात्र खिडकीशी कुठल्या बाजूला बसायचं ते वारा बघून ठरवायचे. संदेश मिठाईची पेटी मांडीवर, जपून धरलेली.

मालती रडणारी बाई नव्हती. चहा द्यायची, पेटी घ्यायची, ठेवून द्यायची. एका वर्षी मात्र म्हणाली, "शाहेब, इथं सगळे म्हणतात, निताई शेतमजूर होता, उन्हानं मेला. मुलीला शाळेत तेच ऐकावं लागतं. तो विमानाचा माणूस होता ना?"

"होता," साहेब म्हणाले.

"मग कुठंतरी तसं लिहून लावा. मला वाचता येत नाही. मुलगी वाचून दाखवेल."

साहेब म्हणाले, "लावीन."

कुठं लावणार? कंपनी बुडाली. विमान भंगारात गेलं. पण दर वर्षी निघताना मालती उंबऱ्यात उभी राहून विचारायची, "लावलं, शाहेब?" आणि दर वर्षी साहेब म्हणायचे, "लावीन." मुलीचं लग्न झालं, तिलाही नातवंडं व्हायची वेळ आली. प्रश्न तोच.

म्हातारपणी साहेब विचित्र झाले असं त्यांच्या गल्लीतले लोक म्हणत. विचित्र काही नाही. एकदा मी गेलो होतो तेव्हा डासांचा धूर मारणारा महापालिकेचा माणूस गल्लीत आला. साहेब बनियनवर जिना उतरून खाली. बोट ओलं केलं. "ए भाई, उल्टा चलो! हवा तुम्हारे मुंह पर है!" तो म्हणाला, "दादू, घरात जा, धूर लागेल." साहेबांनी त्याच्या दोन्ही खांद्यांना धरून त्याला वळवलं आणि पुढं चालत, हातानं खुणा करत, सबंध गल्ली त्याच्याकडून नीट उलटी करून घेतली. पोरं टाळ्या पिटत होती. मी बाल्कनीतून बघत होतो. मला हसू आलं नाही. मनात आलं, आता शहाणपणा.

मग अमेय आला. सॉल्ट लेकला कुठल्या कंपनीत कॉम्प्युटरवर असतो, घर ठाण्याचं, तिशीचा. वाईट नाही पोरगा. त्याला जुन्या छोट्या विमानांचं वेड. शेतीवरच्या विमानांचा इतिहास लिहितो म्हणाला. कुठलं कधी बनलं, इंजिन कुठलं, पंख किती, सगळं तोंडपाठ. त्यानं हावड्याच्या भंगारवाल्याकडं आमचं लांब नाकाचं शोधून काढलं. नुसता सांगाडा आणि एक पंख. मित्र जमवले, देणगीदार गाठले, दुसरा पंख करून घेतला, पिवळा रंग दिला. न्यू टाउनला एका हॉलमध्ये ते कायमचं ठेवायचं ठरलं. शेजारी मोठी पाटी, तिच्यावर विमानाचा इतिहास, खाली नाव, वैमानिक कॅप्टन मोघे.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. इतकी वर्षं ओळखतो, पण असा चेहरा बघितला नव्हता. "दत्तू, जागा मिळाली. मालतीला सांगू नकोस अजून. आधी नाव लागू दे, मग तिला घेऊन जाऊ."

अमेय पाटीचा मजकूर दाखवायला आला तेव्हा मी तिथंच होतो. साहेबांनी भिंग लावून वाचलं. म्हणाले, "माझ्या नावाच्या आधी लिही, झेंडेवाला निताई, राहणार बजबज."

अमेयनं नम्रपणे विचारलं, "सर, हे कोण?"

"त्याच्याशिवाय ते विमान सरळ गेलं नसतं."

"सर, पण ही पाटी विमानाच्या इतिहासाची आहे. ग्राउंड स्टाफची नावं सुरू केली तर..."

"ग्राउंड स्टाफ नाही. तो या विमानाखाली मेला."

पोरगं घाबरलं. "म्हणजे अपघात? त्याचा उल्लेख कुठंच नाही, सर. काय झालं होतं?"

साहेब अमेयशी बोलत होते, बघत होते माझ्याकडं. म्हणाले, "वारा फिरला होता. थांबायला हवं होतं. शेवटचा पट्टा होता, मी थकलो होतो, पुन्हा यायचा कंटाळा आला. खाली झेंडा दिसला. कापड हलत होतं. हात नव्हता. मला वरून दिसलं होतं. मी बांबूला सुट्टी दिली आणि घरी गेलो."

खोलीत पंखा फिरत होता. त्याचा आवाज आधीपासून होता, तेव्हा ऐकू आला.

सगळं आयुष्य मी ज्या उत्तराची वाट बघितली ते मला मिळालं, पण मला दिलं नाही. ते दिलं एका परक्या पोराला, आणि तेही पाटीवर एक ओळ मिळावी म्हणून. मी उठून गॅलरीत गेलो. साहेब हाक मारतील असं वाटलं. नाही मारली.

अमेयनं विचारून सांगतो म्हटलं. देणगीदार नाही म्हणाले. शाळांची मुलं येणार, तिथं विष आणि मरण नको. साहेबांनी निरोप धाडला, निताईचं नाव नसेल तर माझंही नको. त्यांना वाटलं, वैमानिकाच्या नावाशिवाय पाटी कशी लागेल, येतील वळणावर. मलाही तसंच वाटलं. दोन दिवसांत उत्तर आलं, काही हरकत नाही सर, तुमच्या भावनांचा आदर आहे, नाव काढतो. मोकळ्या जागेत त्यांनी इंजिनाचं चित्र टाकलं.

तर आता त्या पाटीवर एकाही माणसाचं नाव नाही. जाऊन बघा. विमान आपलं आपणच बनलं, आपणच उडालं आणि आपणच थकून येऊन बसलं.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी साहेबांचा फोन आला. "दत्तू, बांबू घेऊन येशील? आपला असायचा तसा. कापड मी आणतो."

कशाला, असं मी विचारलं नाही. काम सांगितलं, केलं. हावड्याहून बांबू घेऊन बसमध्ये चढलो तर कंडक्टर म्हणतो, "दादू, हे काय? मंडप घालायला निघालात?"

म्हटलं, "विमान उतरवायला."

"मग एअरपोर्टची बस धरा," तो म्हणाला आणि सगळी बस हसली. खिडकीतून बांबूचं टोक बाहेर काढून मी उभा राहिलो. उतरेपर्यंत कंडक्टर प्रत्येक वळणावर ओरडत होता, "बाबूलोक, डोकी सांभाळा, विमान येतंय!"

हॉल थंडगार, सगळीकडं काच. आमचं लांब नाकाचं इतकं चकचकीत की ओळखू येईना. विषाचा वास नाही, तेलाचा नाही, नव्या रंगाचा वास. पाहुणे आले, फीत कापली. अमेयनं छान भाषण केलं, मास्तरीण शेतावर कशी आली ती साहेबांचीच गोष्ट सांगितली, लोक हसले. मग म्हणाला, "आता कॅप्टन मोघे सर आपल्या जुन्या जागेवर बसतील," आणि चढायला छोटी शिडी लावली.

साहेब शिडीकडं गेलेच नाहीत. माझ्याकडं आले, बांबू घेतला. पिशवीतून जुनं पांढरं धोतर काढलं, टोकाला बांधलं. गाठ बरोबर मारली. मग विमानाच्या नाकासमोर, जिथं झेंडेवाला उभा राहतो तिथं, तोंड विमानाकडं करून उभे राहिले आणि झेंडा हलवू लागले. डावीकडं, उजवीकडं. डावीकडं, उजवीकडं.

लोकांना वाटलं कार्यक्रमाचाच भाग आहे. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. मग लोक संदेश आणि चहाकडं वळले. साहेब हलवतच होते.

अमेय जवळ गेला. "सर, झालं. फोटो मिळाले. बसा ना आता."

"सुट्टी कुठं झाली?" साहेब म्हणाले.

दोन-चार जण हसले. कोणीतरी खुर्ची आणून मागं ठेवली. साहेबांनी तिच्याकडं बघितलं नाही. नव्वदीच्या माणसाचे दंड ते, धोतर खाली खाली येत होतं, मध्येच पुन्हा वर जात होतं. मग त्यांनी मान वळवली आणि मला शोधलं.

त्यांना काय हवं होतं ते त्या हॉलमध्ये दोघांनाच ठाऊक होतं. मी दोन्ही हात पसरून एकदा डावीकडं, एकदा उजवीकडं झुकायचं. बस, एवढंच. ती सुट्टी आता द्यायला दुसरं कोणी उरलेलं नव्हतं. मी झुकलो असतो तर त्यांनी बांबू खाली ठेवला असता, खुर्चीत बसले असते, चहा घेतला असता आणि घरी गेले असते.

आणि बजबजला मालती उंबऱ्यात उभी होतीच. तिला सुट्टी कोणी दिली होती?

माझे हात खिशात होते. मी ते खिशातच ठेवले आणि दाराकडं निघालो. काचेच्या दाराशी पोचल्यावर एकदा मागं वळून बघितलं. चहाच्या गर्दीपलीकडं तेवढं पांढरं कापड दिसत होतं. हॉल सगळीकडून बंद होता, वाऱ्याला यायला जागा नव्हती. कापड हलत होतं, दोन्ही बाजूंना.